ठीक आहे म्हणणारे सर्व्हर

ती. मावशीस,

भागूबाईचा वाकून नमस्कार. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, तूही खुशाल असशील. तुझा उजवा गुडघा कसा आहे? (डावा चांगला असणार, कारण तू त्याचं कधी नाव काढत नाहीस.) चष्म्याचा नंबर पुन्हा वाढला असं कानावर आलं, म्हणून अक्षर मोठं काढते आहे. ओळी वर चढत गेल्या तर समजून घे. फोनच केला असता, पण तू फोन घेत नाहीस. "फोनवर नाडी लागत नाही," असं तू वॉर्डातल्या मोठ्या डॉक्टरांना तोंडावर सुनावलं होतंस, आणि मेट्रन म्हणून निवृत्त झालीस तरी ते मत काही निवृत्त झालेलं नाही. म्हणून कागद घेऊन बसले. आईसुद्धा बरी आहे. म्हणजे ती तसं म्हणते. तुम्ही दोघी सख्ख्या बहिणी दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहून त्या दिवशीच्या दारावरून एकमेकींशी बोलत नाही, तो विषय मी या पत्रात काढणार नाही. (काढलाच तर शेवटी काढीन, आणि थोडासाच.)

लहानपणी मी पालीला, इंजेक्शनला आणि तुला घाबरायचे, म्हणून तू मला भित्री भागूबाई म्हणायला लागलीस आणि माझं खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं उरलं. पाली आता दिसत नाहीत, इंजेक्शनची सवय झाली, तू आहेस तशीच आहेस. पण मध्यंतरी एका नव्या भीतीची भर पडली आहे, ती म्हणजे संध्याकाळचे सहा. ऑफिसात मधल्या भिंतीवर एक मोठं घड्याळ आहे. ते दिसू नये म्हणून मी टेबल फिरवून घेतलं, तर समोर काचेची भिंत आली आणि तिच्यात तेच घड्याळ उलटं दिसायला लागलं. बाकीच्या बहुतेक वेळा उलट्या घड्याळात चुकतात, पण सहाला बरोबर सहाच वाजतात. आता मी घड्याळाला काटकोनात बसते, आणि मान आखडल्यामुळे मला सगळे गर्विष्ठ समजतात.

आमची कंपनी कुलपं करते हे तुला माहीत आहे. कुलपाच्या कंपनीत घाबरायचं काय, असं तुला वाटेल, म्हणून जरा मुळापासून सांगते. आमच्या कुलपाला किल्ली नसते. माणूस दाराशी येतो, फोनवर बोट ठेवतो, तो फोन आमच्या सर्व्हरला विचारतो की या गृहस्थांना आत सोडायचं का, सर्व्हर हो म्हणतो आणि कुलूप उघडतं. बेलचंही तेच. बाहेरच्यानं बटण दाबलं की निरोप सर्व्हरकडे जातो आणि मग सर्व्हर घरात घंटी वाजवतो. म्हणजे बाहेरचा आणि आतला यांच्यात दोन बोटं जाडीचं लाकूड, आणि निरोप मात्र सात समुद्र ओलांडून येणार. बरं, हे सर्व्हर आमच्या ऑफिसात नाहीत. ते कुठल्याशा लांबच्या प्रचंड इमारतीत भाड्याने घेतलेले आहेत, आम्ही कुणीही त्यांचं तोंड पाहिलेलं नाही, आणि तरी हजारो लोकांच्या घरांची दारं त्यांच्या हवाली करून आम्ही झोपतो. (बाकीचे झोपतात.) खरं सांगायचं तर किल्लीचं भोक प्रत्येक कुलपाला आहे. ते कंपनीच्या चकचकीत बिल्ल्याखाली झाकलेलं असतं, नखानं बिल्ला सरकवला की दिसतं. पण ग्राहकांना ते सांगायची आम्हाला सक्त मनाई आहे, कारण आमच्या थोरल्या साहेबांच्या मते किल्ली हे मागासलेपणाचं लक्षण आहे.

तर हे सर्व्हर आठ-दहा आहेत, आणि त्यांच्यापुढे लोड बॅलन्सर नावाचं एक प्रकरण बसतं. तुमच्या ओपीडीत खिडकीशी बसलेली बाई जशी पेशंटना "तुम्ही तीन नंबरच्या खोलीत जा, तुम्ही पाचमध्ये" असं वाटून देते, तसंच. नाहीतर सगळे एकाच डॉक्टरच्या दारात गर्दी करतील आणि तो बिचारा डॉक्टरच खाटेवर पडेल. ही बाई येत्या सोमवारी कामाला लागणार, आणि ती कशी निवडायची हे ठरवायला सांगितलं मला. मावशी, मला! घरातली भाजी कुठली करायची हे ठरवताना ज्या मुलीला घाम फुटतो, तिला. आणि निवड चुकली तर सहा वाजता अख्खं शहर आपापल्या दाराबाहेर उभं राहील आणि माझी नोकरी त्यांच्याही पलीकडे, थेट रस्त्यावर.

असं होऊ शकतं हे मला कसं माहीत? एकदा झालं आहे. सहाला सगळे घरी परततात, सगळ्यांची बोटं एकदम फोनवर पडतात, आणि त्या दिवशी आमच्या सर्व्हरपैकी एक मेला. मेला असता नुसता, तर फार बिघडलं नसतं. पण तो मेला ते हसतमुखानं. बॅलन्सर दर काही सेकंदांनी प्रत्येक सर्व्हरला विचारतो, बाबा रे, ठीक आहेस ना? (आमच्याकडे याला हेल्थ चेक म्हणतात, म्हणजे तब्येतीची चौकशी.) आणि "ठीक आहे" हे उत्तर आमच्या एका सहकाऱ्यानं सर्व्हरला तोंडपाठ करून ठेवलं होतं. या सहकाऱ्याला सगळे 'होऊन-जाईल' म्हणतात, कारण काहीही सांगा, तो तेवढंच बोलतो. तर आतून सगळं कोसळलं तरी वरची चिठ्ठी तशीच लावलेली: ठीक आहे. बॅलन्सरला शिकवलेलं होतं की ज्याच्यापुढे रांग कमी त्याच्याकडे माणूस पाठव. आता गंमत बघ. बाकीचे सर्व्हर काम करत होते, प्रत्येक दार उघडायला त्यांना थोडा वेळ लागत होता, त्यामुळे त्यांच्यापुढे रांग. हा मेलेला मात्र आलेल्याला बघता बघता "नंतर या" म्हणून वाटेला लावायचा, म्हणून त्याच्यापुढे रांगच नाही. बॅलन्सरला वाटलं, काय हुशार गडी! आणि त्यानं सगळं शहर त्या एकट्याकडे लोटलं. जो सगळ्यांत चटकन "ठीक" म्हणत होता, तोच मेलेला होता, हे आम्हाला कळायला फार वेळ लागला.

तोवर शहरात जे झालं ते मी नंतर तक्रारींत वाचलं. एक बाई आइस्क्रीमचा डबा घेऊन जिन्यात उभ्या होत्या, शेवटी त्यांनी तो मजल्यावरच्या सगळ्यांना वाटून टाकला आणि दार उघडलं तेव्हा त्यांना आत जायचं नव्हतं. एक गृहस्थ कुत्र्याला फिरवून आले, दार उघडेना, पुन्हा फिरवायला गेले, असं इतक्या वेळा झालं की शेवटी कुत्र्यानं बसून घेतलं. आमचे थोरले साहेब कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला म्हणून घरातल्या चपलांवर बाहेर पडले होते. ते तिथेच डबा पोटाशी धरून उभे, आणि येणाराजाणारा त्यांना विचारतोय, कुलपं तुमचीच ना? मी हसले असते, पण त्या दिवशी मला हसू फुटत नव्हतं. (तो दिवस तुलाही आठवत असेल. मी विषय काढत नाहीये.)

दुसऱ्या दिवशी साहेबांनी फर्मान काढलं की यापुढे सर्व्हरनी खरं बोलायचं. होऊन-जाईलनं मान डोलावली आणि सर्व्हरला खरं बोलायला शिकवलं. आता नुसतं "ठीक" नाही, तर मागच्या कोठारातून ग्राहकांची माहिती वेळेवर मिळते आहे का, सगळं बघून उत्तर द्यायचं. हे कोठार सगळ्यांचं मिळून एकच. झालं, एका दुपारी ते कोठार जरासं मंदावलं, फार नाही, तुझा गुडघा पावसाळी हवेत धरतो तेवढंच. बॅलन्सरनं पहिल्याला विचारलं, तो म्हणाला, खरं सांगू? बरं नाही. दुसरा म्हणाला, मलाही बरं नाही. एकजात सगळे सर्व्हर आजारी! आणि बॅलन्सरला काय, त्यानं आज्ञाधारकपणे एकेकाला रजेवर पाठवलं आणि रिकाम्या दवाखान्याच्या खिडकीत एकटाच बसून राहिला. खोटं बोलत होते तेव्हा एक मेला आणि सगळे अडकले. खरं बोलायला लागले तर कुणी न मरता सगळे अडकले. तूच सांग, माणसानं वागावं तरी कसं?

त्यात आमच्या ऑफिसच्या दारालाही आमचंच कुलूप. (साहेबांचा आग्रह. आपण शिजवलेलं आपण आधी खावं, म्हणतात.) त्या वेळी सगळे चहाला खाली गेले होते. परत आले तर दार उघडेना. ते उघडायचं तर सर्व्हर दुरुस्त करायला हवेत, सर्व्हर दुरुस्त करायची यंत्रं दाराच्या आत. किल्ल्या? किल्ल्याही आत, साहेबांच्या खणात, त्यांना मागासलेपणा म्हणून लपवून ठेवलेल्या. बाहेर सगळी हुशार मंडळी काचेला नाकं लावून उभी, आणि आत एकटी मी. मी चहाला गेले नव्हते. त्या कुलपाला मी इतकी घाबरते की एकदा आत आले की संध्याकाळपर्यंत बाहेर पडतच नाही. डबा आत, पाण्याची बाटली आत, जीव मुठीत. आतली मूठ साधी लोखंडी आहे, ती कुणाला न विचारता फिरते. मी उठले, मूठ फिरवली, दार उघडलं. साहेब माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ज्यांना भीती वाटत नव्हती त्यांनी दोनदा निवड केली. आता जिला वाटते तिनं करावी." टाळ्या वाजल्या. मी तोपर्यंत भीतीनं मटकन खाली बसले होते, त्याला त्यांनी नम्रता मानलं.

तेव्हापासून माझ्यामागे एक टायवाला लागला आहे. तो ॲक्सिलरेटर विकतो, म्हणजे निरोप लवकर पोचवायची सोय. आमची कुलपं आता परदेशातही गेली आहेत, आणि तिथल्या माणसाचा निरोप आमच्या सर्व्हरपर्यंत येताना गल्लीबोळांतून, दर नाक्यावर थांबत येतो, तोवर तो दारात ताटकळतो. टायवाला म्हणतो, आमची जगभर दारं आहेत. निरोप तुमच्या सर्व्हरच्या दारापर्यंत चालत यायची गरजच नाही, त्यानं फक्त आमचं सगळ्यांत जवळचं दार गाठायचं. तिथून पुढे आमचा खासगी रस्ता, ना गर्दी, ना सिग्नल. हे मला पटलं, हे खरं. लांबच्या माणसापर्यंत पोचायचं तर आधी त्याच्या जवळचं कुणीतरी गाठावं, यात काय चुकीचं आहे? पण टायवाला इतकं गोड बोलतो की मला वाटतं, मी हो म्हटल्या क्षणी हा टाय काढून ठेवील आणि दिसेनासा होईल. मी त्याला विचारलं, तुमचं जवळचं दारच बंद पडलं तर? तो म्हणाला, मग त्याच्या नंतरचं जवळचं. मी म्हटलं, तेही पडलं तर? तो म्हणाला, मॅडम, तुम्ही नीट झोपता का?

नाही झोपत. आणि बॅलन्सरचे दोन प्रकार माझ्यासमोर पाट मांडून बसले होते. एक नुसता पाकिटावरचा पत्ता बघतो आणि पुढे ढकलतो. वेगवान, अबोल, आत काय आहे त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. दुसरा पाकीट फोडून वाचतो, कुणाचं, कशासाठी, आणि मग योग्य जागी पाठवतो. थोडा सावकाश, थोडा भोचक, पण समजूतदार. होऊन-जाईलचं मत पहिल्याला, कारण तो लवकर होऊन जातो. साहेबांचं मत, दोन्हींपैकी जो पडणार नाही तो. मी कागदावर दोन रकाने आखले, गुण आणि दोष, आणि दोन्ही रकान्यांत मिळून एवढंच लिहिलं गेलं: 'पण समजा'.

मग मला तू आठवलीस. शाळेच्या सुट्टीत मी तुझा डबा घेऊन वॉर्डात यायचे आणि दाराआड उभी राहून तुझी फेरी बघायचे. डॉक्टर यायचे, "कसं वाटतंय आजोबा?" म्हणायचे, आजोबा म्हणायचे "एकदम ठीक", डॉक्टर पुढे जायचे. तू कुणालाही कसं वाटतंय विचारत नव्हतीस. तुझं म्हणणं, विचारलेल्या माणसाला घरी जायचं असतं, तो बरंच सांगणार. तू नुसतं म्हणायचीस, "आजोबा, ती खिडकी तेवढी लावा हो, वारा येतोय." आणि औषधांच्या ट्रेमध्ये डोकं घातल्यासारखं करून बघत राहायचीस. उठताना हात कुठे टेकला, मधे थांबले का, कडी लावताना ओठ निळे पडले का, परत येऊन बसले की आपटले. आजोबा खुशीत, मेट्रनबाईंचं काम केलं म्हणून. आणि तू त्यांच्या कागदावर काहीतरी लिहून मोकळी. जाताना हळूच ती खिडकी परत उघडून ठेवायचीस, पुढच्या पेशंटला लावायला. उन्हाळ्यातसुद्धा तुझ्या वॉर्डात वारा यायचा.

हे आठवलं आणि मी दुसऱ्या दिवशी गोदामातून एक कुलूप आणलं, सुताराकडून लाकडाची एक फळी घेतली आणि कुलूप फळीवर ठोकून माझ्या टेबलावर उभं केलं. मागे घर नाही, पुढे जिना नाही, नुसतं दाराचं सोंग. आता बॅलन्सर सर्व्हरला "ठीक आहेस ना" विचारत नाही. तो एकेकाला सांगतो, बाबा, ते भागूबाईंच्या टेबलावरचं कुलूप तेवढं उघड. आणि कुलूप खरोखर उघडलं का, किती वेळात उघडलं, ते बघतो. चटकन "ठीक" म्हणणाऱ्याला यात लबाडी करता येत नाही, कारण खट् असा आवाज यावा लागतो. आणि दुसरा एक नियम घातला: सगळेच्या सगळे आजारी निघाले, तर कुणालाच रजा द्यायची नाही, सगळ्यांना कामाला लावायचं. घरात सगळ्यांना ताप आला म्हणून चहा करायचं कुणी थांबत नाही. दिवसभर माझ्या टेबलावर खट्, खट् चालू असतं. शेजारच्या बाईंनी कानात कापूस घातला आहे. मला मात्र त्या आवाजानं धीर येतो, आणि दोन खट्‌च्या मधे जरा जास्त वेळ गेला की माझा श्वास थांबतो.

तेव्हा निवड ठरली आहे. परदेशातल्या लोकांसाठी टायवाल्याची दारं घ्यायची. आणि बॅलन्सर पाकीट फोडून वाचणारा. साहेबांनी विचारलं, सावकाश का? मी म्हटलं, बेलचे निरोप ओळखून त्यांना वेगळ्या सर्व्हरवर पाठवता येतं, कुलपांच्या गर्दीत ते अडकत नाहीत. दार उशिरा उघडलं तर बाहेरचा माणूस वैतागतो, पण आहे तिथेच असतो. बेल वाजलीच नाही तर आतल्याला कळतच नाही की कुणी आलं होतं. साहेब म्हणाले, फार खोल विचार केलात. सोमवारी सहाला सगळं सुरू होणार आहे आणि त्या वेळी मला त्या फळीसमोर बसून राहायचं आहे.

आईचं म्हणशील तर तिला रोज फोन करते. पूर्वी फोन कानाशी धरून मी भाजी निवडायचे, चिरायचे, फोडणीला टाकायचे, तरी तिची शेजारणीची गोष्ट अर्ध्यावरच असायची. हल्ली मी "कशी आ" एवढं म्हणते तोवर पलीकडून "ठीक!" येतं. मग "तू जेवलीस ना? ठेवते." संध्याकाळी खाली फिरायला जात नाही, वारा असतो म्हणते. किराणावाल्याला पिशवी खालीच ठेवायला सांगून वरून दोरी सोडते, ते गमतीचं वाटतं म्हणते. एवढं चटकन "ठीक" माझ्या आईनं आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. मेलेल्या सर्व्हरची गोष्ट मी वर इतकी रंगवून सांगितली, मावशी, पण ती समजल्यापासून मला त्या उत्तराची भयंकर भीती वाटते.

असो. पत्र लांबलं. उजव्या गुडघ्याला जप, डाव्याला शाबासकी दे.

तुझी,
भागूबाई

ता. क. – विषय काढणार नव्हते, पण काढते. त्या दिवशी संध्याकाळी तू आईच्या दाराशी आलीस, बेल दाबलीस, आत रेडिओ चालू होता आणि दार उघडलं नाही. तुला वाटलं, बहीण मुद्दाम उघडत नाही. तसं नव्हतं गं. ते आमचं कुलूप, हौसेनं मीच बसवलेलं, आणि तुझी बेल त्या हसतमुख मेलेल्या सर्व्हरकडे गेली. ती आत वाजलीच नाही. आईवर रागावू नकोस, माझ्या कंपनीवर रागाव.

आणखी ता. क. – वरचं लिहून पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडलं. बेलनंतर तू दारावर थापही मारली होतीस. थाप आमच्या सर्व्हरवरून जात नाही, लाकडातून जाते. आईला ती ऐकू आली होती. परवा ती बोलता बोलता सहज म्हणाली, "उठतच होते मी, तेवढ्यात गेली ती." खुर्ची ते दार, तुला ते घर माहीत आहे, मधे साधं स्टूलही नाही. आणि तू काही थाप मारून लगेच पाठ फिरवणारी नव्हेस. तू कठड्याला टेकून वाट बघितली असशील, गुडघा चोळला असशील, मग रागावून एकेक पायरी उतरली असशील. एवढा सगळा वेळ ती उठतच होती का? हे मी तिला विचारू शकले नाही. मला भीती वाटली.

शेवटचा ता. क. – पाकिटात हाताला जाड काहीतरी लागलं असेल. ती आईच्या दाराची किल्ली आहे. आम्ही घरच्यांना बसवलेल्या कुलपांच्या किल्ल्याही साहेबांच्या खणातच असतात, तिथून घेतली. बिल्ला नखानं डावीकडे सरकव, खाली भोक आहे. इतकी पानं मी सर्व्हर निवडण्यावर लिहिली, पण या दारासाठी माझा त्यांच्यावर विश्वास नाही. मी सोमवारचं आटोपून मंगळवारी निघते. आजच निघायला हवं हे कळतं, पण आईला बघायची हिंमत होत नाही आणि सोमवारचं निमित्त हाताशी आहे, हेही खरं. मी लांब आहे, आणि तिला सगळ्यांत जवळचं दार तूच आहेस. पत्र मिळाल्याबरोबर जा. पहिल्यांदा थाप मार आणि थांब. बराच वेळ थांब. नाहीच उघडलं तर किल्ली लाव. बोलणं नाही, भांडण आहे, हे सगळं माझ्या खात्यावर घाल. आत गेलीस की तिला कशी आहेस असं विचारू नकोस. खिडकी लाव म्हण.

आणि मला उत्तरात "ठीक आहे" लिहू नकोस. खिडकी लागली का, तेवढंच लिही.